केकवाल्या काकांची काकडी

"फोटो काढल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही," असं लेकीने बजावलं होतं, म्हणून केकवाले काका वाफवलेल्या फरसबीकडे बघत बसले होते. फरसबी त्यांच्याकडे बघत होती. दोघांनाही एकमेकांची फारशी ओढ नव्हती.

दुपारची वेळ, दुकान निवांत. पुढे काचेच्या कपाटात पेस्ट्र्या आपापल्या कागदी वाट्यांत नटूनथटून बसल्या होत्या, मागे भट्टीची धग हळूहळू ओसरत होती, आणि मधल्या संगमरवरी ओट्यावर, जिथे एरवी बिस्किटांचं पीठ लाटलं जायचं, तिथे ते ताट होतं. फरसबी, अर्धी भाकरी आणि कोरडी पडलेली कोबी.

"अहो, निवालं ते," पुढून काकूंनी आवाज दिला.

"निवू दे. गरम असताना तरी काय दिवे लावत होतं!"

या सगळ्याला कारण डॉक्टरबाईंचा चष्मा. रक्ततपासणीचा कागद वाचून त्यांनी तो हळूच काढून टेबलावर ठेवला होता, आणि म्हणाल्या होत्या, "काका, साखर विकायची असते. अशी अंगात साठवायची नसते." काकूंनी ते वाक्य जसंच्या तसं दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या लेकीच्या कानावर घातलं, आणि लेक पुढच्या सुट्टीत आली ती बाबांच्या फोनमध्ये 'ताटसोबती' नावाचं ॲप घालूनच परत गेली. जेवणाआधी ताटाचा फोटो काढायचा. ताटात काय आहे ते ॲप ओळखणार, बरं की वाईट ते सांगणार. तोच फोटो तिकडे लेकीच्या फोनवर उमटणार, आणि ताट तिला पसंत पडलं की ती फोटोखाली एक फूल ठेवणार.

काकूंना खात्री होती की हे चार दिवसांचं कौतुक आहे. यापूर्वी घरात व्यायामाची सायकल आली होती. तिच्यावर गेली कित्येक वर्षं टॉवेल वाळत होते. "ॲपचं एक बरं आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या, "निदान घरात जागा तरी अडवत नाही."

पण काकांनी ॲप सोडलं नाही. घरीदारी सगळे चकित झाले. डॉक्टरबाईंना वाटलं, भीतीने सोडत नाहीत. काकूंना वाटलं, हट्टाने सोडत नाहीत. खरं कारण काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं कारण ते फूल होतं.

कारण लेकीचा फोन यायचा तो आईला. मायलेकींचं बोलणं दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखं लांबच लांब पसरलेलं असायचं, आणि शेवटी एक लहानसा रुमाल उरावा तसं काकांच्या वाट्याला यायचं, "बाबा, बरे आहात ना?" काका म्हणायचे, "हो हो. तू? बरं बरं." आणि फोन पुन्हा काकूंकडे. माया नव्हती असं नाही. मायेला बोलायची सवय नव्हती, इतकंच. लेक लहान होती तेव्हा शाळेतून आली की या ओट्यावर चढून बसायची. काका तिच्या तळहातावर क्रीमची एक चिमणी काढायचे. तिने ती चाटून टाकली की बापलेकीचं त्या दिवसाचं बोलणं झालं. पुढे तळहात मोठा झाला, लेक दूर गेली, चिमण्या राहून गेल्या.

आता मात्र रोज दुपारी फोन टिंग करून वाजायचा आणि ताटाखाली एक फूल उमलायचं. कधी पिवळं, कधी निळं. कधी बरोबर दोन शब्द: "शाब्बास बाबा!" हे बोलणं काकूंच्या हातून आलेलं नव्हतं. थेट होतं, त्यांचं एकट्याचं होतं. त्यासाठी फरसबी खावी लागते म्हणता? काका म्हणाले असते, गवत आणा.

त्यांनी फोटो काढला. टिंग झालं. फूल आलं. काकांनी डोळे मिटून फरसबी गिळली.

असं बरेच दिवस ठीक चाललं. मग एका सकाळी भट्टीतून बनांचा असा काही घाणा निघाला की त्याला नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या हातांचा अपमान. वर तांबूस, आत कापसासारखे, आणि वास असा की रस्त्यावरून जाणारी माणसं चालता चालता मान वळवत होती. काकांनी एक बन उघडला, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला, तो वितळताना बघितला, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्याचाही फोटो काढला.

ॲप म्हणालं, "बन आणि लोणी. जपून!"

लेक काहीच म्हणाली नाही.

दुपार गेली, संध्याकाळ झाली. फोन पिठाच्या डब्याला टेकून गप्प उभा. गिऱ्हाइकाने मागितले पाव, काकांनी दिली खारी. "अहो, लक्ष कुठाय?" काकू म्हणाल्या. काकांचं लक्ष त्या रिकाम्या जागेत होतं, जिथे फूल असायचं. दुसऱ्या दिवशीच्या फरसबीला फूल आलं, पण काकांच्या मनात धसका बसला तो बसलाच. म्हणजे वाईट खाल्लं की पोरगी बोलतसुद्धा नाही! त्यांनी कानाला खडा लावला. पुन्हा बनाचा फोटो म्हणून काढायचा नाही.

पुढे जे झालं ते खरं तर कुणाच्याच मनात नव्हतं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या नातवाचा वाढदिवस होता, आणि मावशींना केकवर भाजीची टोपली हवी होती. काका खूश. क्रीमचे गुलाब काढून काढून त्यांचा हात कंटाळला होता. त्यांनी साखरेची कणीक मळली. कॉलेजात शिकून आलेले लोक तिला फॉन्डंट म्हणतात. काकांच्या दुकानात ती साखरेची कणीकच. काकडीसाठी फिक्या हिरव्या कणकेच्या चकत्या लाटल्या, कडेला गर्द हिरवी किनार चिकटवली, सुईच्या टोकाने मधोमध बियांची नक्षी उठवली. गाजराला आतून पिवळसर कडं दिलं. टोमॅटोवर पाक फिरवून तो असा चमकवला, की आत्ताच धुतला असावा. वर पाकाचे बारीक थेंब ठेवले. पाणी निथळतंय, बास!

टोपली भरली, थोड्या चकत्या आणि एक टोमॅटो उरला. ते सगळं काकांनी सवयीने एका ताटलीत मांडलं आणि आपलीच कारागिरी बघायची म्हणून वरून फोटो काढला. कोणत्या बटणाने काढला, ते बघितलं नाही. बोट आपोआप रोजच्या बटणावर गेलं.

"काकडी, गाजर, टोमॅटो," ॲप हर्षाने म्हणालं. "उत्तम ताट!"

काका चमकले. फोटो परत घ्यायला त्यांनी बोट उचललं, तेवढ्यात टिंग. एक नाही, ओळीने फुलं. आणि खाली लेकीचं लांबलचक लिहिणं: "बाबा!! काय सुंदर कापलंय! तुम्ही स्वतः कापलं? ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. माझ्या बाबांचं ताट म्हणून सांगितलं."

काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. लिहायला गेले, "अगं, ते साखरेचं आहे." लिहिलं गेलं, "हो. स्वतः."

आणि लबाडी बाकी राहू नये म्हणून त्यांनी ताटलीतलं सगळं खाऊन टाकलं. ताटाचा फोटो पाठवला म्हणजे ते ताट खाल्लं पाहिजे, इतका नियम ते पाळत होते.

त्या दिवसापासून काका बिघडले. वाफवलेली फरसबी काकूंच्या डब्यातून येई ती मागच्या दारी बसणाऱ्या शेळीच्या पोटात जाई. शेळीची तब्येत सुधारत चालली. काका चाळलेल्या पिठासारखे हलके होऊन ओट्याशी उभे राहत आणि आज काय नवीन, असा विचार करत. एक दिवस कोबीचं पान केलं, शिरांसकट, काठाला झालर असलेलं, इतकं पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. एक दिवस मुळा केला, आणि त्याच्या शेपटीला मातीचा पुसटसा रंग दिला. लेकीने लिहिलं, "बाबा, मुळा नीट धुऊन घेत जा." या एका वाक्याने काका दिवसभर शीळ घालत होते.

दुकानात मात्र गुलाबांना पाकळ्या कमी पडू लागल्या. एका लग्नाच्या केकवर नवरानवरी होती, पण नवऱ्याला नाक नव्हतं.

"हिरवा रंग संपला?" काकूंनी डबी उलटी करून बघितली. "आत्ता तर आणलेली. आपण एवढं हिरवं केलं तरी काय?"

"पानं," काका म्हणाले. "हल्ली लोकांना गुलाबाला पानं लागतात."

काकू गप्प बसल्या. पण काकूंचं गप्प बसणं म्हणजे भट्टीचं दार लावून घेणं. आत धग वाढतच असते. त्यातून लेक फोनवर रोज सांगायची, "आई, बाबांची काकडी बघितलीस का? एकसारख्या चकत्या!" काकूंनी घरातली टोपली बघितली. टोपलीत काकडी नव्हती. त्या चपला घालून थेट भाजीवाल्या मावशींकडे गेल्या.

"काय हो मावशी, आमचे हे रोज काकडी नेतात ना तुमच्याकडून?"

"काका? छे बाई! समोरून जातात ते मान खाली घालून जातात. मी म्हणते घ्या की गाजर, तर म्हणतात, आहे माझ्याकडे."

काकू परतल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना बिस्किटं बांधून दिली, निरोप दिला, आणि मग मागच्या खोलीत येऊन हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"काकडी चिरून देणारी! इतकी वर्षं चिरतेय मी. माझी एक चकती दुसरीला ओळख दाखवत नाही. आणि तुमच्या ताटात पैशापैशाएवढ्या एकसारख्या! कुणाच्या घरचा डबा येतो?"

खरं सांगावं तर ते लेकीपर्यंत पोचणार. त्यांनी मान खाली घातली. मान खाली घातलेला नवरा कुठल्याही बायकोला गुन्हेगारच दिसतो.

"सांगू नका," काकू म्हणाल्या. "माझी मी शोधून काढीन. वयाला शोभेल असं तरी काही करायचं होतंत. काकडी म्हणे!"

डॉक्टरबाईंकडे जायची वेळ आली तेव्हा काकू बरोबर होत्या, पण खुर्ची एक हात लांब ओढून बसल्या. डॉक्टरबाईंनी कागद वाचला. चष्मा काढला. पुन्हा लावून पुन्हा वाचला.

"काका, साखर वाढलीय."

"असं?" काका म्हणाले.

"खाताय काय तुम्ही?"

काकूंनीच फोन पुढे केला. डॉक्टरबाई फोटो बघत गेल्या. गाजर, टोमॅटो, बीट, कोबी, मुळा. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. "अहो, हे तर मी पेशंटना दाखवायला भिंतीवर लावावं असं ताट आहे! यावर साखर वाढते कशी?" त्यांनी बराच वेळ विचार केला. "एक करू या. गाजर बंद. बीट बंद. टोमॅटो जरा जपून."

"आणि काकडी?" काकांनी हळूच विचारलं.

"काकडी खा की हवी तेवढी! काकडीने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही."

काका आज्ञाधारक माणूस. गाजर बंद केलं, बीट बंद केलं. फक्त काकडी. गोल काकडी, उभी चिरलेली काकडी, सालीसकट काकडी, पीळ घातलेली काकडी. हवी तेवढी. पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी चष्मा काढला तो लवकर लावलाच नाही. म्हणाल्या, "आता मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या. माझं काहीतरी चुकतंय."

हे ऐकल्यावर मात्र काकांच्या पायाखालची जमीन हलली. ती बाई आपलंच काहीतरी चुकलं म्हणून कपाळाला हात लावून बसली होती. काकू घरात भांडी आपटत होत्या. आणि दुपारी लेकीचा फोन आला. आईला नाही, थेट बाबांना. असा थेट फोन ही काकांची केवढी इच्छा होती. पण तो आला तो हुंदक्यांसकट.

"बाबा, मी रजा टाकलीय. येतेय. आपण मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तुम्ही घाबरू नका हं."

"छकुले, ऐक. ती काकडी आहे ना, ती..."

"काकडीचं नाव काढू नका बाबा, मला रडू येतं. इतकं सोसताय तुम्ही! इतकं पाळताय! आणि तरीही हे असं व्हावं? मी बाहेरचं खाणं सोडलं ते तुमच्याकडे बघून. माझे बाबा करतात तर मी का नाही, म्हणून. ठेवते, गाडीचं बघायचंय."

फोन बंद झाला. काका हातात लाटणं घेऊन उभेच राहिले. त्यांनी एक फूल मिळवायला निघावं आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी आणून ठेवावं! आता खरं सांगितलं तर ती हसणार नाही. ती म्हणेल, बाबांनी मला फसवलं. आणि मग ताट पाठवा, न पाठवा. तिकडून काही उमलणार नाही. पुन्हा तेच, "बरे आहात ना?", "हो हो."

त्यांनी विचार केला आणि केकवाल्याला सुचावं तेच त्यांना सुचलं. आता खरीच काकडी कापायची. पण हुबेहूब साखरेच्या काकडीसारखी. लेक येईल, खरं ताट बघेल, खरं ताट खाईल. आजपासून ते खरंच खातील. आणि मागचं सगळं मागच्या मागे विरघळून जाईल.

लेक यायची त्या दिवशी त्यांनी मावशींकडून काकड्या घेतल्या. मावशींनी डोळे मोठे केले. "काका? काकडी? म्हणजे आता काकडीचाही केक निघणार का काय?"

ओट्यावर त्यांनी साखरेच्या काकडीचं एक ताट मांडलं. नमुना म्हणून. नमुना समोर ठेवल्याशिवाय काकांनी आयुष्यात काही केलेलं नव्हतं. शेजारी दुसरं रिकामं ताट ठेवलं आणि सुरी घेतली. ज्या हातांनी गुलाबाच्या पाकळीला दंवाचा थेंब दिला होता, त्या हातांना खऱ्या काकडीने दाद दिली नाही. ती निसटली. पहिली चकती जाड निघाली, दुसरी तिरकी, तिसरी दारापर्यंत गेली. बिया मधोमध असायच्या त्या एका बाजूला दाटीवाटीने बसलेल्या. किनार कुठे गर्द, कुठे फिकी. "ही काय काकडी आहे?" काका चिडून म्हणाले. "बनवणाऱ्याला काही हातच नाही!"

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. गाडी वेळेआधी पोचली होती. लेक पिशवी दारात टाकून धावत आत आली आणि बाबांच्या गळ्यात पडली. तिच्या मागोमाग काकू; त्यांना आज ताट रंगेहाथ पकडायचं होतं.

"बाबा, वाळलात हो!" लेक म्हणाली. काका अजिबात वाळले नव्हते. "मला आधी तुमच्या ताटातलं खायचंय. गाडीत बसल्यापासून ठरवलंय." ओट्यावर दोन ताटं होती. एकातली काकडी वेडीवाकडी, जखमी. दुसऱ्यातली देखणी, दंव पडलेली. कुठलीही लेक जे करेल तेच तिने केलं.

"अगं ते नको, ते..." काका म्हणेपर्यंत चकती तोंडात गेली होती.

लेकीने चावली. थांबली. पुन्हा चावली. काकडी कुरकुरली नाही, काकडी विरघळली. तिने बाबांकडे बघितलं. बाबा भट्टीकडे बघत होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू जरा एक खाऊन बघ."

काकूंनी संशयाने एक चकती उचलली. तोंडात टाकली. त्यांचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे झाले, मग त्यांत इतका आनंद भरला की तो त्यांना लपवता येईना. "ही तर साखर आहे! आपली, दुकानातली! म्हणजे, अहो, म्हणजे ती काकडीवाली बाई..."

"मीच ती बाई," काका म्हणाले.

काकू स्टुलावर बसून हसू लागल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येत होतं. लेक मात्र हसली नाही. तिने ताट बाजूला सारलं.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही साखर खात होतात? रोज? आणि मी तिकडे रडत बसले होते? मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत होते, बाबा! माझी मैत्रीण तुमच्यासारखं ताट मांडते रोज. काय सांगू मी तिला?"

काकांनी पुष्कळ वेळ एप्रनला हात पुसले. ते स्वच्छच होते.

"त्या दिवशी फूल आलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"बनाच्या. बन आणि लोणी पाठवलं होतं मी. खरं खाल्लं, खरं पाठवलं. तर तू बोललीच नाहीस. दिवसभर." काकांचा आवाज चुलीवरच्या दुधासारखा एकदम वर आला आणि तसाच खाली बसला. "मला वाटलं, असलं खाल्लं की तू बोलणार नाहीस. आणि मला तर, छकुले, तेवढंच बोलायला येतं. ताटातून. तोंडाने काही येत नाही मला."

दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं होतं. ते काचेवर टकटक करत होतं. कुणीच वळून बघितलं नाही.

"बाबा," लेक म्हणाली, आणि तिचा राग कधी विरघळला ते तिलाही कळलं नाही, "अहो, तो बन बघून मला इतकी भूक लागली की मी काम टाकून खाली गेले. गल्लोगल्ली हिंडले बन शोधत. चार ठिकाणचे खाल्ले, एकही धड नाही. परत आले तर साहेब टेबलाशी उभे. त्या गडबडीत फूल ठेवायचं राहिलं! आणि काय हो, फुलं मी काकडीला देत होते असं वाटलं तुम्हाला? दुपारी फोन हातात घ्यायचे ते बाबांनी आज काय केलं असेल, म्हणून. काकडीचं मला काय पडलंय?"

काकांनी विचारलं, "तिकडचे बन कशाने बिघडतात? पीठ कमी फुगवतात?"

"चिवट असतात. आणि वरून नुसतेच चकचकीत."

"अंडं जास्त लावत असतील. आणि भट्टी आधी तापवत नसतील पुरेशी. मी सांगतो तुला..." आणि काका सांगू लागले. पीठ किती वेळ झाकून ठेवायचं, बोटाने दाबलं की ते कसं हळूच वर यायला हवं, झोपेतून उठणाऱ्या लहान मुलासारखं. लेक ओट्याला टेकून ऐकत होती, मध्येच विचारत होती. बापलेक इतकं सलग बोलताना काकूंनी कधी बघितलं नव्हतं. त्या गुपचूप पुढे जाऊन गिऱ्हाइकाला पाव देऊन आल्या, तरी यांचं चाललेलंच.

शेवटी काकूंनीच तोडगा काढला. साखरेच्या भाज्या रोज करायच्या, पण काचेच्या कपाटात मांडायला. फोटो लेकीला वेगळा पाठवायचा, आणि खाली स्वच्छ लिहायचं, साखरेची. पोटात मात्र मावशींच्या टोपलीतलं जाणार. डॉक्टरबाईंची माफी काकांनी स्वतः जाऊन मागायची. "आणि त्यांचा चष्मा लावायचा असला तर लावून द्या," त्या म्हणाल्या.

"आता हे खायचं," लेकीने ते वेडंवाकडं ताट पुढे ओढलं. "आपण दोघांनी. आधी फोटो."

काकांनी जखमी चकत्या जरा सारख्या केल्या आणि फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी काकडी त्या ॲपसमोर होती. ॲपने बराच वेळ विचार केला. पडद्यावर ते वाट बघायला लावणारं चक्र गोल गोल फिरत राहिलं. मग उत्तर आलं.

"केक. साखरेचं प्रमाण फार जास्त. एकदम सोडता येत नसेल तर हळूहळू कमी करा. तुम्हाला जमेल!"

लेक हसता हसता ओट्यावर वाकली. "ते तुमच्याच ताटावरून शिकलंय, बाबा! त्याच्या मते काकडी म्हणजे तुमची काकडी. हे वेडंवाकडं म्हणजे कुठला तरी फसलेला केक!"

काकूंना वाटलं, आता यांना राग येणार. पण काकांनी फोन जवळ धरून तो शब्द पुन्हा एकदा वाचला, मान जराशी कलती केली, आणि त्या जाड, तिरक्या, बिया सरकलेल्या चकत्यांकडे ते नव्याने बघू लागले.

"केक म्हणतंय?"

"केक."

"मग असं आधी नाही का सांगायचं," काका म्हणाले, आणि ताट स्वतःकडे ओढून त्यांनी सगळी काकडी संपवली. लेकीला दोनच चकत्या मिळाल्या.